तरोण्याची मिल बंद ठेवा!

"बंद करा! आधी ते इंजिन बंद करा, मग काय विचारायचं ते विचारा!"

तरोण्यांच्या धानाच्या मिलमध्ये आजवर पुष्कळ जण ओरडत आले होते. कोणाचा नंबर चुकला म्हणून, कोणाच्या तांदळात कणी जास्त निघाली म्हणून, कोणाचा कोंडा कमी भरला म्हणून. पण पांढरा कोट, हातात रबरी मोजे, एका पायात चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी, अशा अवतारात कोणी मिलच बंद करा म्हणत आलं नव्हतं. धान घेऊन बसलेल्या बायांनी नाकावरचे पदर खाली केले. वीरेंद्र तरोणे पट्ट्यापाशी उभा होता, केसांपासून पापण्यांपर्यंत कोंड्यानं माखलेला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या अनवाणी पायाकडे पाहिलं.

"मॅडम, पाय सांभाळा. खाली खिळे पडून आहेत."

"पाय राहू द्या! तुमच्या इंजिनानं माझ्या पेशी हलून राहिल्या!"

"काय हलून राहिलं?"

"पेशी! फुप्फुसाच्या!"

वीरेंद्रचा चेहरा एकदम गंभीर झाला. त्यानं इंजिन बंद केलं, दोन पावलं जवळ आला आणि आजाऱ्याशी बोलावं तसं हळूच म्हणाला, "दवाखाना स्टेशनच्या तिकडे आहे मॅडम. सोडून देऊ काय? गाडी आहे मायी."

"मी आजारी नाही! मी या बाजूच्या कॉलेजात शिकवते. वरच्या खोलीत माझी प्रयोगशाळा आहे. बारा ते चार लोडशेडिंग असतं, बारा ते चार तुमची मिल बंद असते, म्हणून बारा ते चार मी मोजते. दोन महिने झाले. आज एकाएकी काऊन सुरू झाली तुमची मिल?"

"काऊन म्हणजे? बारा ते चार बंद राहते म्हणूनच तर डिझेल इंजिन आणलं!" वीरेंद्र हसला. एवढ्या कोंड्यात त्याचे दात तेवढे स्वच्छ होते. "आज पयलाच दिवस आहे. सकाळी नारळ फोडला. खोबरं खाता?"

आता सांगा, अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

२००८ सालचा मार्गशीर्ष होता. अख्खं आमगाव लोडशेडिंगला शिव्या घालायचं. पिठाच्या गिरणीवाला, फोटोस्टुडिओवाला, परीक्षेची पोरं, सगळे. बारा वाजता पंखा थांबला की घराघरातून "गेली!" असा आवाज उठायचा. त्या क्षणाला खूश होणारी एकच बाई गावात होती, दुर्गेश्वरी रहांगडाले. वय सत्तावीस, नाक सरळ, आणि त्या नाकावर राग कायमचा बसलेला. तिच्या बाबूजींचाच तो राग, वारसाहक्कानं आलेला.

तिचं काम ऐकलं की लोक आधी हसायचे. फुप्फुसाच्या आतलं जे अस्तर असतं, त्याच्या पेशी किती ताठ, किती मऊ, हे ती मोजायची. मोठ्या शहरांत त्यासाठी काचेच्या दारांमागे महागडी यंत्रं असतात. दुर्गेश्वरीकडे होता कॉलेजचा जुना मायक्रोस्कोप, बॅटरीवर चालणारा दिवा, केसाहून बारीक ओढलेली काचेची नळी, आणि गवंडी लेव्हल काढायला वापरतात तसला पाण्यानं भरलेला पाईप. पाईपाच्या दुसऱ्या टोकाची बाटली थोडी खाली उतरवली की नळीच्या तोंडाशी हलकी ओढ लागते. त्या ओढीनं पेशी नळीला चिकटते आणि तिचा गाल थोडासा आत येतो. मऊ पेशी जास्त येते, ताठ पेशी कमी. किती आली ते पाहायचं आणि लिहायचं. पण टेबल थोडं जरी थरथरलं, की पेशी सुटली, नळी तुटली, दिवस गेला.

हे सगळं कशासाठी? तिची माय मुन्नीबाई चाळीस वर्षं धान चुरून, उफणून आता उभ्यानं दोन वाक्यं बोलू शकत नव्हती. धानाची धूळ फुप्फुसाच्या पेशीचं काय करते, हे दुर्गेश्वरीला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. तिचे नागपूरचे पीएच.डी.चे गाईड म्हणाले, हे आमगावात होणार नाही, नागपूरला ये नाहीतर विषय बदल. ती म्हणाली, "सर, धूळ आमगावात, खोकला आमगावात, मग मोजणी नागपुरात कायले?" गाईडनी हात जोडले. ठरलं असं की पौषात विद्यापीठाची समिती येईल. तिच्यासमोर करून दाखवायचं. तीनदा मोजून तीनदा सारखा आकडा आला तर नोंदणी राहील, नाहीतर रद्द.

बाबूजींनी, म्हणजे गुलाबचंद रहांगडाल्यांनी, तेवढंच पकडलं. "ठीक आहे. समिती हो म्हणाली तर मी एक शब्द नाही बोलणार. नाही म्हणाली तर बालाघाटच्या पोराले हो म्हणायचं. पोवाराचा शब्द आहे, तुहाही अन् मायाही." बालाघाटचा पोरगा वाईट नव्हता. चांगली नोकरी, चांगलं घर. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की लग्नानंतर हे नळ्यांचे चाळे नकोत.

म्हणून ती एका चपलेवर धावत आली होती.

"दाखवा मग," वीरेंद्र म्हणाला. "काय हलते ते पाहू तरी."

तो वर आला. दारातच थांबून त्यानं अंग झटकलं, हात धुतले, न सांगता चप्पल बाहेर काढली. दुर्गेश्वरीला ते आवडलं, पण आत्ताच आवडू द्यायचं नव्हतं.

"हे गोल गोल काय? साबुदाणा?"

"पेशी."

"जिवंत?"

"जिवंत. दर सोमवारी नागपूरहून आणते. पॅसेंजरनं. शालीत गुंडाळून, मांडीवर धरून, थंडी लागू नये म्हणून."

"तिकीट काढता काय त्यायचं?"

हसायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. पण हसू आलं, आणि आलं ते चांगलं खळखळून आलं. मग तिनं बाटली उतरवली. वीरेंद्र डोळा लावून बसला, आणि त्याचा श्वासच थांबला. "आली... आत येऊन राहिली... अरे बाप्पा!"

तेवढ्यात खाली कोणीतरी इंजिन सुरू केलं. टेबल थरथरलं. पेशी टुणकन सुटली.

"सुटली," वीरेंद्र म्हणाला. त्याचं तोंड एवढंसं झालं. "बाबांनी चालू केलं असन." मग खिडकीबाहेर पाहत तो म्हणाला, "एक ते दीड बाया जेवतात. अर्धा तास बंद ठेवतो."

"एक तास."

"अर्धा."

"पाऊण!"

"मॅडम, तुम्ही धान विकायले बसल्या असत्या ना, तर व्यापारी रडत घरी गेला असता."

"पाऊण तास. आणि उद्यापासून."

"उद्यापासून," तो म्हणाला, आणि जाताना दारात वळून उगाच एकदा मागे पाहिलं.

पाऊण तास... तसा काही फार नसतो. पण रोज एक वाजता इंजिन थांबायचं, एकाएकी गावभर शांतता पसरायची, आणि दोन मिनिटांनी जिन्यावर पावलं वाजायची. "लेव्हल पाहायले आलो," हे त्याचं कारण. लेव्हलमध्ये त्याला खरंच समजायचं, त्यामुळे तिला हाकलताही येत नव्हतं. येताना खिशात नव्या धानाचे दाणे असायचे. एक दाणा तो दातांत धरायचा, कट्ट आवाज आला की म्हणायचा, "हा वाळला. कांडायले चालते." दुसरा चावायचा, आवाज नाही. "हा ओला. दोन दिवस अजून ऊन पाहिजे."

"एका दाण्यावरून पोतं ठरवता?" ती म्हणायची. "शास्त्रात हे चालत नाही. कमीत कमी तीस दाणे चावा."

"तीस? दात भाड्यानं आणू?"

"माझे देते."

बोलून गेली आणि जीभ चावली. वीरेंद्र खिशातले दाणे मोजायला लागला. पण कान लाल झाले होते पठ्ठ्याचे, कोंड्यातूनसुद्धा दिसत होते.

एक दिवस तिनं पेशींवर टाकून पाहायला मिलची धूळ मागितली. इंजिनाजवळच्या कौलांवर बसते ना, तीच बारीक धूळ. वीरेंद्रचे वडील केवळराम तीस वर्षं त्या धुळीत उभे होते आणि पंधरा वर्षं खोकत होते. ते भडकले. खालचं बोलणं वर स्पष्ट ऐकू येत होतं.

"आपल्याच मिलची धूळ देतो? उद्या पेपरात येईन, तरोण्याच्या मिलनं लोकायचे फुप्फुस खराब केले! आपल्याच उरावर बसवून राहिला तू तिले!"

"तुमच्याच उरासाठी देऊन राहिलो बाबा. रोज सकाळी तुम्ही खोकता ना, ते आयकून मले झोप नाही येत. निघू दे जे निघते ते. खराब निघालं तर मिलले पंखा लावू, जाळी लावू. पण माहीत तर होऊ दे!"

केवळराम मोठ्यानं खोकले. 

दुसऱ्या दिवशी टेबलावर खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली ठेवलेली, आणि तिच्यात धूळ. झाकणाला लाल दोरा बांधलेला. लोक पोरींना गुलाब देतात, यानं धूळ दिली! आणि दुर्गेश्वरीनं तरी काय करावं? ती बाटली हातात घेऊन, खिडकीकडे पाठ करून, पाच मिनिटं उभी राहिली. पोरगी गेली कामातून. तिला स्वतःलाही ते कळलं, पण कबूल कोण करतो?

समिती यायला दहा दिवस उरले आणि आकडे बिघडले. स्वच्छ पेशींचा एका दिवशी एक आकडा, दुसऱ्या दिवशी दुसराच. पेशी त्याच, नळी तीच, हात तोच. एका दुपारी तर तिनं पेन भिंतीवर फेकला. वीरेंद्र आला तेव्हा ती टेबलावर डोकं टेकून बसली होती.

"जाऊ द्या," ती न पाहता म्हणाली. "बालाघाटला जाते मी. तिथे नळी नाही, पेशी नाही. मस्त पापड लाटते."

"बालाघाट कायले?"

तिनं सांगितलं. समिती, बाबूजी, शब्द, सगळं. तो ऐकत राहिला. बाहेर कोणीतरी पोतं उतरवलं त्याचा धप्प आवाज आला.

"पोरगा चांगला आहे?"

"चांगला आहे."

"मंग?"

"मग काय मग?" ती एकदम उसळली. "तुम्हाला एवढंच विचारायचं आहे?"

"मी... मी काय म्हणू मॅडम? तुम्ही पोवार, मी कुणबी. तुम्ही डॉक्टर होऊन राहिल्या, मी पट्टे बदलवतो..." तो थांबला. त्यानं नजर वळवली, आणि ती पाईपावर जाऊन अडकली. तो वाकून पाहायला लागला. "ही शून्याची खूण कधीची?"

"सकाळी दहाची."

"अन् मोजता एक वाजता?"

"मग?"

"मंग काय! बाबूजीची धानाची बांधी आहे ना तुमची? सकाळची पाण्याची खूण दुपारी चालते काय बांधीत?"

"ही खोली आहे. इथे कुठलं ऊन?"

"ऊन नाही, पण हवा कोरडी आहे ना. बाटली वरून उघडी. पाणी उतरते मॅडम, कुठंही ठेवा. पाहा."

तिनं पट्टी लावली. खूण होती तिथून पाणी खाली होतं. थोडंसंच, मिलिमीटरभर. पण तिचं सगळं मोजमापच मिलिमीटरचं होतं! कधी ती एक वाजता मोजायची, कधी दीडला, आणि पाणी मात्र कोणाला न विचारता उतरत होतं. लहानपणी बाबूजींनी बांधीत काडी रोवून तिलाच राखणीला बसवलं होतं. पाणी किती उतरलं ते ओरडून सांगायचं, एवढंच काम. एम.एस्सी. झाली आणि तेवढंच विसरली. शेतकऱ्याच्या पोरीनं करावी अशी चूक आहे का ही?

"मी गाढव आहे," ती म्हणाली.

"नाही नाही. गाढव लोडशेडिंगची वाट नाही पाहत."

त्यानं खालून गोडेतेल आणलं. एक थेंब बाटलीतल्या पाण्यावर सोडला, तो पसरला आणि पाणी झाकलं गेलं. "आता नाही उतरणार. तरी दरवेळी खूण नवीन करत जा." थेंब सोडताना त्याचा हात तिच्या हाताला लागला. त्यानं काढला नाही. तिनंही काढला नाही. तेल पसरायला केवढा वेळ लागतो... पण दोघं पाहत राहिले, जणू ते फारच महत्त्वाचं होतं.

"तुमच्यात आभार मानत नाही काय?" तो म्हणाला.

"पोवारांत आभार नाही मानत. जेवायला बोलावतात."

"मंग बोलवा."

"बाबूजी घरी असतात."

"म्हणूनच येतो म्हणलं. ते नसताना आलो तर लोक चोर म्हणतील."

तिनं वर पाहिलं. तो हसत नव्हता. पण पुढचं वाक्य काही त्याच्या तोंडून निघालं नाही. पावणेदोन झाले होते. खाली जाऊन त्यानं इंजिन सुरू केलं.

नंतर आकडे जुळू लागले. आठ दिवस सलग जुळले. स्वच्छ पेशी जेवढी आत यायची, धूळ खाल्लेली पेशी तिच्या पाऊणपटच यायची. ताठ झाली होती. मुन्नीबाईच्या छातीत जे होत होतं, त्याला पहिल्यांदा एक आकडा मिळाला.

समितीचा दिवस बुधवार. वेळ एक वाजताची. वीरेंद्रनं सकाळपासून पंधरा जणांना बजावून ठेवलं होतं, एक ते पावणेदोन मिल बंद म्हणजे बंद. आणि गाडी आली दीड तास उशिरा! समितीचे तिघे घाम पुसत वर आले तेव्हा अडीच वाजले होते. खाली अंगणात पोत्यांच्या रांगा, बायांची गर्दी, इंजिन पूर्ण जोरात. खिडकीची काच थरथरत होती.

"चारची गाडी पकडायची आहे," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी टेबलावर हात ठेवला आणि भुवया उंचावल्या. "या टेबलावर तुम्ही पेशी मोजता?"

दुर्गेश्वरी खिडकीत गेली.  खाली बाबूजी होते. ट्रॅक्टरमधून चार पोती उतरवून, स्वतःच्या हातानं मापाजवळ लावून, ते नंबर लागायची वाट पाहत उभे. समिती नाही म्हणणार, बालाघाटचे पाहुणे येणार, एवढी खात्री होती त्यांना! तिनं हाक मारली नाही. वीरेंद्रनं वर पाहिलं. खिडकीत पांढरा कोट, तिच्यामागे तीन अनोळखी डोकी... त्यानं घड्याळही पाहिलं नाही. सरळ इंजिनाकडे गेला.

शांतता झाली. अशी शांतता, की खालचा शब्द न् शब्द वर यायला लागला.

"काऊन बंद केली?" हे केवळराम.

"मायाच नंबर आला अन् मिल बंद?" हे बाबूजी.

"एक तास थांबा काकाजी."

"काऊन थांबू? परवा बालाघाटचे पाहुणे येऊन राहिले. पोरीच्या साक्षगंधाचा तांदूळ आहे हा!"

"म्हणूनच बंद केली."

वर दुर्गेश्वरीनं बाटलीची खूण नवीन केली होती. नळीचं टोक पेशीपाशी आणलं होतं. अध्यक्षांनी खिडकीकडे मान वळवली, मग तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "सर, इकडे पाहा. आता आत येईल."

"म्हणूनच म्हणजे काय रे?" खालून बाबूजींचा आवाज चढला.

"वर तुमची पोरगी मोजून राहिली. इंजिन चाललं तर तिचा आकडा चुकते. आकडा चुकला तर ती बालाघाटले जाते. मी मिल चालू ठेवून तिले घालवू? नाही जमत काकाजी. मारायचं असन तर मारा, पण एक तास आवाज करू नका."

त्या क्षणी तिचा हात कापला असता तर कोणी तिला दोष दिला नसता. डोळ्यांत पाणी, कानात तो आवाज. पण तिनं श्वास रोखला आणि बाटली उतरवली. मनात म्हणाली, रडायचं असेल तर नंतर रड बाई, आता मोज. पेशीचा गाल हळूहळू आत आला. पहिला आकडा. दुसरा. तिसरा अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं घेतला. सारखा! मग धूळ खाल्लेल्या पेशी. एक, दोन, तीन. पाऊणपट, पाऊणपट, पाऊणपट.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "नोंदणी चालू राहील," ते म्हणाले. "मला वाटलं नव्हतं. बरं, खालचा तो मुलगा तुमचा मदतनीस आहे का?"

"नाही सर."

"मग कोण?"

"तेच खाली जाऊन ठरवते. पाच मिनिटं द्या."

जिना ती कसा उतरली तिचं तिला माहीत. गुलाबचंद आपल्या पोत्यावर बसले होते, हाताची घडी घालून. केवळराम गमछ्यानं तोंड झाकून उभे. बायांपैकी एकीनंही जागा सोडली नव्हती. असा तमाशा कोण सोडतो?

"झालं?" बाबूजी.

"झालं. तीनदा मोजलं, तीनदा सारखं आलं."

"म्हणजे बालाघाट नाही."

"नाही."

"ठीक आहे. शब्द दिला होता, मोडत नाही. पण हा..." त्यांनी वीरेंद्रकडे बोट केलं. "हा कोण म्हणायचा, तुह्या नावानं मले अडवणारा?"

दुर्गेश्वरीनं एकदा वीरेंद्रकडे पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत कोंडा. मग बाबूजींच्या डोळ्यांत सरळ पाहून म्हणाली, "हा माझा होणारा नवरा आहे."

"माय वो!" धान घेऊन बसलेल्या शामकलाबाईच्या तोंडून निघालं. तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

गुलाबचंद उठून उभे राहिले. "कुणब्याच्या मिलमधून तांदूळ नेतो मी. जावई नाही नेत."

"तुम्ही नका नेऊ. मी नेते."

"लोक काय म्हणतील?"

"लोक आजवर माझ्या नळीला हसले, बाबूजी. हसू द्या. ज्यानं माझ्यासाठी स्वतःची मिल बंद केली, त्याला सोडून ज्यांना माझं काम बंद करायचं आहे त्यांच्या घरी मी जाणार नाही. तुम्ही रागवा. बोलू नका माझ्याशी. पण मी नाही जाणार."

बाबूजी तिच्याकडे पाहत राहिले. तेच नाक, तोच राग. मग ते वीरेंद्रकडे वळले. "काऊन रे? हिनं तुले विचारलं?"

"...नाही."

"तू हिले विचारलं?"

"नाही काकाजी."

"अन् पूर्ण आमगावले सांगून देल्लं!" गुलाबचंदांनी कपाळावर हात मारला. बाया हसायला लागल्या. केवळरामांना हसता हसता खोकला आला. आणि दुर्गेश्वरी, जी समितीपुढे डगमगली नव्हती, ती आता कानापर्यंत लाल झाली.

"विचारा ना मंग," वीरेंद्र हळूच म्हणाला.

"इथे? एवढ्या लोकांत?"

"सांगून तर बसल्या एवढ्या लोकांत."

"तुम्ही विचारा! महिनाभर जिना चढून येताय, एक वाक्य नाही निघालं तोंडातून!"

"निघत नव्हतं... कारण तुम्ही नाही म्हणाल्या असत्या तर जिना चढता आला नसता." त्यानं गमछ्यानं तोंड पुसलं. कोंड्याखालचा चेहरा पहिल्यांदाच पूर्ण दिसला. "दुर्गेश्वरी, मायाशी लग्न करता?"

"करते! केव्हाची करते!"

"झालं ना बाबू?" शामकलाबाई सूप उचलत म्हणाली. "मंग चालू कर मिल. संध्याकाळी घरी शिजवायले तांदूळ नाही मायाकडे. हे घे, पयले मायं पोतं घे."

"थांब," गुलाबचंद म्हणाले.

सगळे थांबले. ते ट्रॅक्टरकडे पाहत होते. चार पोती परत चढवायला किती वेळ लागेल, हे ते मनात मोजत असावेत असं दुर्गेश्वरीला वाटलं. तिनं ओठ घट्ट मिटले. विनंती करायची नाही, रडायचं नाही.  मग बाबूजी वाकले आणि पहिल्या पोत्याचा एक कान पकडला.

"नंबर माया आहे," ते शामकलाबाईला म्हणाले, आणि वीरेंद्रकडे न पाहता गुरगुरले, "उभा काऊन आहे? दुसरा कान धर."

वीरेंद्रनं धावत जाऊन धरला.